राखण कानांनी होत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डोबरमनचे कान कापू नयेत, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचा राग समजला आणि मुद्देही समजले. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. शेतावरच्या घराला राखण म्हणून तुम्ही डोबरमनचं आठ आठवड्यांचं पिल्लू आणलंय आणि ते पडके न राहता उभे राहावेत म्हणून पुढच्या आठवड्यात त्याचे कान कापायचं ठरलंय. तुमचं म्हणणं असं की मी फ्लॅटमध्ये बसून प्राणिप्रेम शिकवतो; पडक्या कानांच्या डोबरमनला चोर भीत नाही; पावसाळ्यात असे कान सडतात; आणि आपण पोरांचे कान टोचतो, बैलाला वेसण घालतो, मग कुत्र्याचाच एवढा कळवळा का.

वेसणीचा मुद्दा तुमचा सगळ्यात भक्कम, म्हणून आधी तोच घेतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे १९६० च्या कायद्याच्या, कलम ११ मध्ये जनावराचा अवयव छाटणं हा गुन्हा आहे. त्याच कलमात पुढे अपवाद दिलेत: गुरांची शिंगं काढणं, खच्चीकरण, डाग देणं, वेसण घालणं, आणि तेही ठरवून दिलेल्या पद्धतीने. शेतकऱ्याला जनावर आवरावं लागतं, हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. त्या अपवादांमध्ये कुत्र्याचे कान नाहीत. वेसणीविना बैल कामाला आवरत नाही, हे मान्य. कान न कापल्यामुळे डोबरमनचं कुठलं काम अडतं, ते मला आजवर कुणी दाखवलेलं नाही. पोरांचे कान टोचताना भोक पडतं, बाकी कान जागेवर राहतो. इथे पिल्लाला पूर्ण भूल देऊन बाहेरच्या कानाचा मोठा भाग कूर्चेसकट, म्हणजे कानातल्या मऊ हाडासकट, कायमचा काढून टाकतात.

कोर्टाने परवानगी दिली आहे, असंही तुम्ही लिहिलंय. केवळ दिसण्यासाठी कान-शेपूट कापू नये, असं परिपत्रक भारतीय पशुवैद्यक परिषदेने २०११ मध्ये काढलं होतं आणि २०१३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, हे खरं. पण परिपत्रक गेलं तरी १९६० चा कायदा आहेच. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, तेव्हा कायद्याच्या धाकाने तुम्ही थांबावं अशी माझी अपेक्षा नाही.

माझं सगळं म्हणणं तुमच्याच गरजेवर उभं आहे. तुम्हाला राखणदार हवा आहे. राखणदार घडतो तो नेमका याच आठवड्यांत. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनात ठसत जातं की माणसं म्हणजे काय, हात म्हणजे काय, ट्रॅक्टरचा आवाज, गुरं, लहान मुलं, पाहुणे म्हणजे काय. पुढे कितीही शिकवलं तरी या काळात राहून गेलेलं सहज भरून निघत नाही. आणि कान कापतात ते सात ते बारा आठवड्यांच्या दरम्यान, कारण नंतर कूर्चा जाड होत जाते. म्हणजे जगाशी ओळख व्हायची तेव्हा तुमचं पिल्लू टाके घालून आणि गळ्यात प्लास्टिकची कॉलर अडकवून कोपऱ्यात बसणार.

पिल्लू विकणाऱ्या ब्रीडरने ‘अर्ध्या तासाचं काम’ सांगितलं ते फक्त कात्रीचं. टाके निघायला दहा ते चौदा दिवस लागतात. त्यानंतर कान उभे राहावेत म्हणून त्यांना आधार देऊन चिकटपट्टीने बांधतात. ती पट्टी दर थोड्या दिवसांनी सोडायची, त्वचा तपासायची, पुन्हा बांधायची. दात बदलताना उभा राहिलेला कान परत पडतो, मग पुन्हा बांधणी. हे चार-सहा महिन्यांचा होईपर्यंत चालतं, कधी त्याहून जास्त. तेवढं करूनही काहींचा एक कान उभा आणि एक वाकडा राहतो. या सगळ्या काळात पिल्लाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा कळते: माणसाचा हात डोक्याकडे आला की दुखतं.

कान कापलेला प्रत्येक डोबरमन भेदरट होतो, असं मी म्हणत नाही. समजूतदार मालकांकडची शांत, विश्वासू कुत्री मी पाहिली आहेत. पण राखणीसाठी पाळायचं तर अशी जोखीम घ्यायचीच कशाला? घाबरलेला कुत्रा चोर आणि दूधवाला यांत फरक करत नाही. ज्याने लहानपणी खूप माणसं निर्धास्तपणे पाहिली, तोच नेहमीचं माणूस आणि फाटकाशी घुटमळणारा अनोळखी यांतला फरक ओळखतो. तुमच्या घरात नातवंडं आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

ही जात ज्या गावची, त्या जर्मनीतल्या आपोल्डाचंच बघा. तिथले कर वसूल करणारे कार्ल फ्रीडरिश लुइस डोबरमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतःच्या संरक्षणासाठी ही कुत्री तयार केली. झटापटीत समोरच्याच्या हाती कान लागू नये म्हणून तेव्हा तो कापत. त्याच जर्मनीत १९८७ पासून कान कापायला बंदी आहे, १९९८ पासून शेपटीलाही. तरी तिथल्या डोबरमन क्लबमध्ये प्रजननाआधी कुत्र्याच्या स्वभावाची आणि संरक्षणाच्या कामाची परीक्षा घेतात, आणि पडक्या कानांची कुत्री ती उत्तीर्ण होतात. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेच्या केनेल क्लबने केलेल्या या जातीच्या वर्णनात आजही कापलेले, उभे कान येतात. अशा क्लबांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वर्णनात कान नैसर्गिकच हवेत. उभ्या कानांचा डोबरमन रुबाबदार दिसतो, हे मलाही नाकारता येत नाही. पण तो रुबाब बघणाऱ्याच्या कामाचा, कुत्र्याच्या नाही. रात्री अंधारात भिंतीवरून उतरणाऱ्याला कान दिसतही नाहीत, त्याला भुंकणं ऐकू येतं.

आता एक गोष्ट, जी ब्रीडरने तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. डोबरमनमध्ये व्हॉन विलब्रँड नावाचा आनुवंशिक रक्तस्रावाचा आजार बराच आढळतो. रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन अशा कुत्र्यांत कमी असतं. एरवी काही कळत नाही, शस्त्रक्रियेत मात्र रक्त थांबेनासं होऊ शकतं. डीएनए चाचणीने हे समजतं. कानांचा निर्णय काहीही घ्या, पण पुढे नसबंदी करायची असेल तरी ही चाचणी त्याआधी करून घ्या. आणि कानांसाठी बाजूला काढलेले पैसे त्याच्या हृदयासाठी ठेवा. युरोपातल्या डोबरमनवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात निम्म्याहून अधिक कुत्र्यांना आयुष्यात कधी ना कधी हृदयाच्या स्नायूचा विकार झाल्याचं आढळलं. तो बराच काळ लक्षणांशिवाय वाढतो, म्हणून तीन-चार वर्षांचा झाला की दरवर्षी हृदयाची सोनोग्राफी आणि चोवीस तासांचा ईसीजी करावा.

राहिला पावसाळा. लोंबत्या कानांना जंतुसंसर्गाचा धोका उभ्या कानांपेक्षा जास्त, हे खरं आहे आणि मी ते लपवणार नाही. पण कान सुजण्यामागे बऱ्याचदा त्वचेची ॲलर्जी असते, आणि उभ्या कानांचे जर्मन शेफर्डही त्यातून सुटत नाहीत. लॅब्रॅडोर आणि कॉकर स्पॅनियलचे कान डोबरमनपेक्षा जास्त झाकलेले, त्यांचे कुणी कापत नाही, साफ करतात. उलट भर पावसात शेतावर उघडी जखम घेऊन फिरणारं पिल्लू म्हणजे माश्यांना आमंत्रण. एका रात्रीत जखमेत किडे पडतात, हे तुम्हाला गुरांमुळे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

‘कान सडले तर तुम्ही येणार का साफ करायला?’ असं तुम्ही विचारलंय. रोज यावं लागत नाही. आठवड्यातून एकदा कान उलटा करून आत बघा. डॉक्टरांनी दिलेलं कान धुण्याचं औषध आत घाला, मुळाशी हलक्या हाताने चोळा, त्याला डोकं झटकू द्या आणि वर आलेला मळ कापसाने पुसा. काडी आत घालू नका. विहिरीत किंवा कालव्यात पोहून आला, पावसात भिजला, तर त्या दिवशीही कान कोरडे करा. आत्तापासून खाऊ देत देत केलंत तर मोठेपणी तो स्वतः डोकं पुढे करेल. वास यायला लागला, तपकिरी मळ दिसला किंवा तो कान सारखा खाजवू लागला, तर घरातले जुने थेंब घालू नका. कानाचा पडदा शाबूत आहे का, ते आधी डॉक्टरांनी बघावं लागतं. पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी बहिरेपण येऊ शकतं.