धाकट्या भावंडावर पाळत ठेवणे म्हणजे काळजी घेणे नव्हे

आज एका परिचित तरुणाने मला मोठ्या विश्वासाने विचारले, की घरच्या कॉम्प्युटरवर धाकट्या बहिणीला कळू न देता तिचे सगळे चॅट वाचता येईल असे एखादे सॉफ्टवेअर बसवून देशील का. बहीण आठवीत आहे, अभ्यास सोडून मैत्रिणींशी बोलत बसते, आणि आईवडिलांनी ‘तूच बघ, तुला त्यातले कळते’ असे म्हणून सगळे त्याच्यावर सोपवले आहे. मी नाही म्हटले. त्याला माझा नकार विचित्र वाटला आणि तेव्हापासून माझा संताप काही केल्या कमी होत नाही.

चॅटिंगवर बंधन घालूच नये, असे माझे म्हणणे नाही. मुलीला कॉम्प्युटरवर वेगळे, मर्यादित अधिकारांचे खाते काढून द्यावे, ॲडमिनचा पासवर्ड आईवडिलांकडे असावा, आणि रोज किती वेळ बोलायचे हे तिच्यासमोर बसून ठरवावे. विंडोजमध्ये मुलांच्या खात्याला वेळेची मर्यादा घालण्याची सोय आहेच. हे सगळे उघडपणे करता येते. त्या तरुणाला मात्र मर्यादा घालायची नव्हती, त्याला वाचायचे होते. दुसऱ्याचे पत्र फोडून वाचू नये, हे माझ्या मित्रयादीतल्या कुणाला समजावून सांगावे लागेल असे मला वाटत नाही. मग पत्र पडद्यावर आले की हा नियम कसा बदलतो?

मी नववीत असताना आमच्या घरी एकच कॉम्प्युटर होता आणि सगळे एकाच खात्यातून तो वापरत. त्या काळच्या मेसेंजरमध्ये झालेले बोलणे फाइलमध्ये साठवून ठेवण्याची सोय होती. दादाने ती मला न सांगता चालू करून ठेवली. एका रात्री जेवताना, माझ्या मैत्रिणीने तिच्या आईवडिलांच्या भांडणाविषयी मला जे लिहिले होते, ते त्याने सगळ्यांसमोर बोलून दाखवले. आईने काळजीपोटी तिच्या आईकडे चौकशी केली, आणि ती मैत्रीण माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाही. चॅटमध्ये नेहमी दोन माणसे असतात. आपल्या बहिणीवर आपला हक्क आहे असे क्षणभर धरले, तरी पलीकडच्या मुलीने आपल्याला कोणता हक्क दिला आहे? कीलॉगर (असे चोरून नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर) बसवला, तर तो बहिणीचीच नव्हे, त्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या प्रत्येकाची प्रत्येक कळ नोंदवतो, आईच्या बँकेच्या पासवर्डसह.

‘मग सरळ ब्लॉकच करतो,’ असे तो तरुण शेवटी म्हणाला. तेही त्याने करून पाहावे. कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये (साइटचे पत्ते नोंदवलेल्या फाइलमध्ये) एका साइटचा पत्ता अडवला, तर मुले दुसरी साइट शोधतात. तीही अडवली, तर खेळाच्या चॅटमध्ये किंवा शाळेच्या प्रकल्पासाठी उघडलेल्या सामायिक गूगल डॉकमध्ये एकमेकींना लिहू लागतात. बोलणे थांबत नाही, फक्त घरातल्यांच्या नजरेआड जाते. जेवतानाच्या त्या प्रसंगानंतर मीही दुसरा आयडी काढला होता. त्या आयडीवर एक अनोळखी माणूस मला त्रास देऊ लागला, तेव्हा मला घरात कुणालाच सांगता आले नाही, कारण सांगायचे तर आयडीही उघड झाला असता. ते दिवस आठवले की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

कुणी मुलीला धमकावत असेल किंवा फूस लावत असेल, तर तिचे मेसेज पाहावे लागतील, हे मान्य. पण तेही आईवडिलांनी, तिला सांगून पाहावेत.

हे लिहिता लिहिता दादाविषयीचा राग मात्र थोडा निवळला आहे. तो तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. घरात कॉम्प्युटर त्यालाच नीट कळत होता, एवढ्या एका कारणावरून त्याच्याकडे माझी राखण देण्यात आली, आणि राखण म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितले नाही. त्या रात्रीनंतर आम्ही दोघे बराच काळ एका खोलीत असूनही परक्यासारखे वागलो, आणि त्यात त्याचेही काही हरवलेच असणार.

म्हणून माझा खरा राग आईवडिलांवर आहे. तेरा वर्षांखालील मुलांना बहुतेक मेसेजिंग ॲपच्या नियमांप्रमाणे खाते काढताच येत नाही. तेराव्या वर्षानंतर ते काढू द्यायचे की नाही आणि किती वेळ वापरू द्यायचे, हे ठरवणे त्यांचे काम आहे. नियम त्यांनी करावा, मुलीला त्यांनीच सांगावा आणि तिची चिडचिडही त्यांनीच सोसावी. मोठ्या मुलाकडून फार तर सेटिंग करून घ्यावे, तेही धाकटीला शेजारी बसवून. आणि रात्री दहानंतर राउटर बंद ठेवायचा असेल, तर तो मोठ्या भावासाठीही बंद राहिला पाहिजे.