पडलेली गाणी कुणी पाडली? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

गेल्या आठवड्यात 'विगनची रात्र' हा लेख इथे टाकला होता. १९७०च्या दशकात उत्तर इंग्लंडमधल्या विगनसारख्या गावांतल्या क्लबांत अमेरिकेतली विस्मरणात गेलेली सोल गाणी (सोल म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या गायकीतून आलेला प्रकार) रात्र रात्र कशी वाजायची आणि आज पन्नास वर्षांनंतरही ती कशी टिकून आहेत, असा त्याचा विषय. त्याखाली एका वाचकांची मोठी प्रतिक्रिया आली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एक, ट्विस्टेड व्हील या क्लबाची माहिती चुकली आहे. दोन, "जी गाणी स्वतःच्या देशात, स्वतःच्या काळात खपली नाहीत ती दुय्यमच असणार, दुर्मीळ म्हणजे दर्जेदार नव्हे." तीन, ही पोरं गोळ्या खाऊन नाचत होती, त्याबद्दल लेखात अक्षर नाही. चार, काळ्या गायकांना या सगळ्यातून काय मिळालं, हेही नाही. आणि शेवटी, "बाई, इंग्लंडात चार दिवस राहून कुणी जाणकार होत नाही. जरा अभ्यास करून लिहीत चला."

चूक आधी मान्य करते. मँचेस्टरचं ट्विस्टेड व्हील १९६३ साली सुरू झालं ते ब्रेझनोज स्ट्रीटवर. व्हिटवर्थ स्ट्रीटच्या तळघरात ते १९६५ साली गेलं आणि १९७१ साली बंद पडेपर्यंत तिथेच होतं. मी ते पहिल्यापासून व्हिटवर्थ स्ट्रीटवर असल्याचं लिहिलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता त्या 'बाई'बद्दल. आमच्या मिरजेत शाळेतल्या शिक्षिकेला बाई म्हणतात, आणि मला तो शब्द फार प्रिय आहे. तुमच्या वाक्यात तो त्या अर्थाने आलेला नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. लेखातलं साल चुकलं तर 'साल चुकलं' एवढं सांगून भागतं. तुम्ही चार मुद्दे मांडलेत आणि पाचव्या वाक्यात माझी लायकी काढलीत. हा ब्लॉग मी नऊ वर्षं चालवते आहे. मतभेदाची एकही प्रतिक्रिया मी आजवर काढलेली नाही, तुमचीही काढणार नाही. पण समोरच्याशी बोलायची काही रीत असते.

आणि चार दिवस नव्हे, अकरा वर्षं. १९८९ ते २०००. बोल्टनमध्ये, विगनपासून दहा मैलांवर. मी तिथे रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करायचे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी बाई खाणकामगाराची मुलगी होती. १९७४ ते १९७८ अशी चार वर्षं ती जवळजवळ दर शनिवारी विगन कसिनो या नाचाच्या क्लबात जायची. मध्यरात्र उलटल्यावर दार उघडायचं आणि रविवारी सकाळी आठला शेवटचं गाणं संपायचं. मग ती तशीच घामेजलेली पहिली बस पकडून घरी. दारू तिथे मिळतच नव्हती, परवानाच नव्हता. खांद्यावरच्या बॅगेत बदलायचे कपडे, टॉवेल आणि टाल्कम पावडरचा डबा. पावडर जमिनीवर टाकायची, म्हणजे बुटाचा तळवा सरकतो आणि गिरकी घेता येते.

हे मी पुस्तकातून उचललेलं नाही. १९९१च्या हिवाळ्यात तीच मला एका कामगार क्लबाच्या हॉलमध्ये सोल नाइटला घेऊन गेली. चाळिशीकडे झुकलेली माणसं: बसचालक, नर्स, गवंडी. प्रत्येक जण एकटा नाचत होता, कुणी कुणाचा हात धरलेला नव्हता, आणि तरी अख्खा हॉल एका ठेक्यावर होता. मी साडी नेसून गेले होते. कुणी वळून पाहिलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष गाण्यात होतं. त्यानंतर मी वर्षातून पाचसहा वेळा तरी जात राहिले. याला तुम्ही अभ्यास म्हणा किंवा म्हणू नका.

आता तुमचं ते वाक्य. "जी गाणी स्वतःच्या देशात, स्वतःच्या काळात खपली नाहीत ती दुय्यमच असणार." ते मी चार वेळा वाचलं. बाकी सगळं सोडून त्याच्याशीच भांडायचं आहे, कारण यात एक अख्खं जग चुकीचं समजलं गेलं आहे.

फ्रँक विल्सनचं 'डू आय लव्ह यू' घ्या. १९६५. डेट्रॉइटच्या मोटाउन या मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या 'सोल' या उपलेबलवर ते निघणार होतं. विल्सन मोटाउनमध्ये निर्माता होता आणि निर्माताच राहिला. पुढे सुप्रीम्स, फोर टॉप्स, एडी केंड्रिक्स यांच्यासाठी त्याने मोठं काम केलं. त्याची स्वतःची तबकडी मात्र बाजारात आलीच नाही. रेडिओवाल्यांसाठी काढलेल्या प्रतीही नष्ट केल्या गेल्या आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वाचल्या. ही तबकडी "खपली नाही" असं तुम्ही कसं म्हणणार? दुकानात ठेवलीच नाही ती वस्तू गिऱ्हाइकाने नाकारली, असं कुठल्या हिशोबाने ठरतं? १९७०च्या दशकाच्या अखेरीस विगनमध्ये डीजेने ती वाजवली तेव्हा तिला पहिल्यांदा श्रोता मिळाला. त्या श्रोत्याने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९७९ साली ब्रिटनमध्ये ती रीतसर प्रसिद्ध करावी लागली.

तिची एक प्रत २००९ साली पंचवीस हजार पौंडांवर विकली गेली आणि २०२० साली एक लाख पौंडांना. ही किंमत मी दर्जाचा पुरावा म्हणून देत नाही. दुर्मीळ म्हणजे दर्जेदार नव्हे, हे मलाही कळतं. ते त्या डीजेंना तर तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त कळत होतं, कारण दुर्मीळ तबकडी लावली आणि हॉल रिकामा झाला, तर ती पुढच्या शनिवारी परत वाजायची नाही. अशा किती तबकड्या आल्या आणि गेल्या. अमेरिकेतल्या गोदामांतून खोक्यांनी माल यायचा, त्यातलं बहुतेक कुणाच्या लक्षातही राहिलेलं नाही. उरलं ते पायांनी निवडलेलं.

ही गाणी अमेरिकेत का पडली, याची कारणं गाण्याबाहेरची आहेत. १९६०च्या दशकात डेट्रॉइट आणि शिकागोत दोनचार माणसांच्या कंपन्या होत्या. एक भाड्याचा स्टुडिओ, रात्री मोटाउनमधून लपूनछपून येणारे वादक आणि शेदोनशे डॉलर. तबकडी निघायची. पण ती शेजारच्या राज्यात पोचवायला वितरक नाही, रेडिओवर लावून घ्यायला ओळख नाही आणि दर आठवड्याला बाजारात येणाऱ्या नव्या तबकड्यांचा ढीग. गाणं ऐकून नाकारलं गेलं असं फार थोड्या वेळा घडलं. बहुतेक वेळा ते ऐकलंच गेलं नाही. नंतर १९६८च्या सुमारास तिथे चालच बदलली, फंक हा नवा प्रकार आला आणि तो जलद, सरळ चार मात्रांचा ठेका जुना ठरला. उत्तर इंग्लंडच्या पोरांना मात्र तोच हवा होता. लंडनमधले रेकॉर्डविक्रेते डेव्ह गॉडिन यांच्या लक्षात आलं की उत्तरेकडून फुटबॉलच्या सामन्यांना येणारी पोरं दुकानात आल्यावर नवं काही ऐकायलाच तयार नसतात. त्यांना जुनंच, धावतं सोल हवं असतं. दुकानातल्या माणसांना झटकन कळावं म्हणून त्यांनी या मालाला 'नॉर्दर्न सोल' म्हणायला सुरुवात केली. नाव असं गल्ल्यावर पडलं.

आता तुमच्या सिद्धांताची दुसरी बाजू पाहा. ग्लोरिया जोन्सचं 'टेन्टेड लव्ह', १९६५. एड कॉबने लिहिलेलं. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला टाकलेलं, म्हणजे कंपनीनेच दुय्यम ठरवलेलं. पडलं. १९७३ साली रिचर्ड सर्लिंग या इंग्लिश डीजेने अमेरिकेच्या फेरीत ती तबकडी विकत घेतली आणि ती उत्तरेच्या क्लबांत वाजू लागली. १९८१ साली सॉफ्ट सेल या जोडीने तेच गाणं आपल्या पद्धतीने गायलं, ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढचं नीट वाचा: ते अमेरिकेच्या हॉट हंड्रेड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत त्रेचाळीस आठवडे टिकलं. म्हणजे ज्या देशात ते "दुय्यम" म्हणून पडलं, तोच देश सतरा वर्षांनी तेच शब्द आणि तीच चाल गुणगुणत होता. कुठल्या साली ते दुय्यम होतं? आणि कुठल्या तारखेला ते चांगलं झालं?

टॅम्सचं १९६४चं गाणं १९७१ साली ब्रिटनमध्ये पहिलं आलं. आर. डीन टेलरचं १९६७चं गाणं १९७४ साली तिसरं आलं. अशी उदाहरणं मी रात्रभर देत बसेन.

माझ्या वडिलांचं मिरजेत रेडिओ-ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान होतं. कडेला तबकड्यांचं एक कपाट. न खपलेल्या तबकड्या खालच्या फळीवर असायच्या. तिथे कुणी फिरकायचं असेल तर बॅन्डवाले. ते पडेल चित्रपटांच्या तबकड्या लावून घ्यायचे, क्लॅरिनेटवर चाल बसवायचे आणि निघून जायचे. विकत घेणं परवडायचं नाही, आणि बाबा कधी हटकायचेही नाहीत. एक चित्रपट आमच्या गावात आठवडाभरही चालला नव्हता, त्यातलं एक गाणं बॅन्डवाल्यांनी उचललं. पुढच्या लगीनसराईत गिऱ्हाइकं दुकानात येऊन "ते वरातीतलं द्या" म्हणून मागू लागली. चित्रपटाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनी खालच्या फळीवरची तबकडी वर आणून ठेवली. मी तेव्हा दहा वर्षांची होते. म्हणून, साहेब, जे खपत नाही ते दुय्यम, हे मला कुणी शिकवायला येऊ नये. खालची फळी मी स्वतः पुसली आहे.

गोळ्यांबद्दल. हो, अॅम्फेटामाइन, म्हणजे झोप उडवणाऱ्या गोळ्या, होतं, भरपूर होतं. स्टोकमधलं टॉर्च हे असंच एक क्लब १९७३ साली बंद झालं त्यामागे तेही एक कारण होतं. हे लपवायचा प्रश्न नाही, लेख गाण्यांवर होता. माझी सहकारी चार वर्षं लिंबू सरबतावर नाचली, तिच्यासारख्याही पुष्कळ होत्या.

गायकांच्या पैशाचा मुद्दा मोठा आहे, पण वेगळा आहे, आणि या लेखात तो घुसडणं मला पटत नाही. चोरून छापलेल्या तबकड्यांचा सुळसुळाट होता हे खरं. त्यावर कधीतरी लिहीन. पण एक सांगते, कारण ते माझ्या मनातून जात नाही. विगन कसिनोत दर वेळी शेवटची तीन गाणी ठरलेली असायची, 'थ्री बिफोर एट'. त्यातलं एक जिमी रॅडक्लिफचं, बर्ट बकरॅक आणि हॅल डेव्हिड यांनी रचलेलं. रॅडक्लिफ १९७३च्या जुलैत वारला, छत्तिसाव्या वर्षी. कसिनोची पहिली रात्र २३ सप्टेंबर १९७३. दोन महिने. आपल्या आवाजावर शेकडो माणसांची सकाळ होणार आहे हे त्याला कधी कळलंच नाही. त्या तीन गाण्यांच्या गायकांतला डीन पॅरिश मात्र भाग्यवान. काही दशकांनी तो इंग्लंडला आला, त्याच श्रोत्यांसमोर गायला आणि २००६ साली इंग्लिश गायक-गीतकार पॉल वेलरने लिहिलेलं एक नवं गाणंही त्याने गायलं. रॅडक्लिफबद्दल मूळ लेखात लिहायला हवं होतं. ते राहिलं, ते मात्र तुमच्या प्रतिक्रियेमुळे लक्षात आलं.

ब्लॅकपूल मेक्का या दुसऱ्या क्लबावर मी एकच ओळ लिहिली अशीही तुमची जाता जाता तक्रार आहे. तिथे नवं संगीत वाजायचं, त्यावरून दोन तट पडले होते, सगळं मान्य. माझी सहकारी विगनची होती, म्हणून लेख विगनचा झाला.

कसिनो ६ डिसेंबर १९८१ला बंद झालं. नंतर आग लागली, इमारत पाडली, आज त्या जागी ग्रँड आर्केड हे खरेदी केंद्र आहे. मी बोल्टनला पोचले तेव्हा तिथे काहीच नव्हतं. १९९१च्या त्या रात्री, हॉलमधले दिवे लागायच्या आधी, माझी सहकारी जिमी रॅडक्लिफच्या गाण्यावर नाचताना मी पाहिली. तिचे डोळे मिटलेले होते. तिला ते कुठल्या साली किती खपलं होतं हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही, आणि आजही येत नाही.

तुम्ही पुन्हा लिहाल तर मुद्द्यावर लिहा, मी उत्तर देईन. 'बाई' म्हणायचं असेल तर मिरजेच्या अर्थाने म्हणा.