साहेब, तुम्ही इथेसुद्धा?

रात्री साडेअकराला फोन उजळला. वाटलं, मैत्रिणीचा मेसेज असेल. कसलं काय! आमच्या साहेबांची फ्रेंड रिक्वेस्ट. स्वीकारावी तर पंचाईत, नाकारावी तर सकाळी मीटिंगमध्ये समोरासमोर बसायचंय. स्वीकारली शेवटी. दुसऱ्याच दिवशी माझ्या पायजम्यातल्या फोटोखाली साहेबांची कमेंट: 'छान. तो रिपोर्ट कधी देताय?' फोटोखाली! सगळ्या मावश्या-आत्यांसमोर!

अहो, कामाच्या ओळखींसाठी २००३ पासून लिंक्डइन आहे की. फेसबुकच्याही आधीपासून. पण तिथे तरी धड काय चाललंय? शाळेतला मित्र तिथे केक कापतानाचे फोटो टाकतो आणि इकडे फेसबुकवर जुना क्लायंट विमा विकतो. सगळी उलटी गंगा.

त्यात फोनमधले नंबर एकदा का ॲपला दिले, की जन्मात एकदाच भेटलेला व्हेंडरही 'ओळखीचा' म्हणून पुढ्यात येतो. (दिले मीच, 'अलाउ' दाबून. कबूल.) दुसरं खातं काढावं, तर फेसबुकच्या नियमात एका माणसाला एकच वैयक्तिक खातं. मग उरते ती 'रिस्ट्रिक्टेड' यादी. माणूस फ्रेंड राहतो, पण त्याला तुमच्या फक्त पब्लिक किंवा त्याला टॅग केलेल्या पोस्ट दिसतात, आणि आपल्याला तिथे टाकलंय हे त्याला कुणी कळवत नाही. साहेबांना परवा गुपचूप तिथे ढकललं.

आज जेवणाच्या सुट्टीत विचारतात, 'काय हो, हल्ली काही टाकत नाही तुम्ही?'