राखीगढीचं काय?
लेखात सरळ लिहिलंय की उत्तर भारतीय म्हणजे बाहेरून आलेले आर्य आणि खाली दक्षिणेत तेवढे मूळचे, हे मला अजिबात पटलं नाही. २०१९ मध्ये हरियाणातल्या राखीगढीच्या, म्हणजे हडप्पा (सिंधू) संस्कृतीच्या एका जुन्या शहरातल्या, एका बाईच्या सांगाड्याचा डीएनए रिपोर्ट आला, आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्या टीमचे प्रमुख होते. साडेचार हजार वर्षांपूर्वीची बाई, आणि तिच्यात स्टेपकडच्या, म्हणजे मध्य आशिया आणि पूर्व युरोपातल्या गवताळ प्रदेशातल्या, पशुपालकांचा (ज्यांना ‘बाहेरून आलेले आर्य’ म्हटलं जातं) अंशच नाही! इराणकडच्या लोकांशी दूरचं नातं असलेला एक गट आणि इथले जुने शिकारी, एवढंच मिश्रण. स्टेपवाले आले ते नंतर, साधारण इसवीसनपूर्व २००० ते १५०० च्या दरम्यान, आणि मग शेकडो वर्षं सगळे एकमेकांत मिसळत गेले.

म्हणजे आज यूपी बिहारचा माणूस घ्या की तमिळ घ्या, हडप्पाच्या लोकांचं रक्त दोघांतही आहे, फक्त प्रमाण कमीजास्त. स्टेपचा अंश उत्तरेत जास्त, त्यातही ब्राह्मणांसारख्या काही जातींत अजून जास्त, हे खरंय आणि ते लपवायचंही कारण नाही. पण त्यावरून कोणाला परका ठरवू नका हो, वाचून खरंच वाईट वाटतं.