हळदीच्या काढ्याचा मेसेज: एक खुलासा

‘सांगलीची हळद रोज काढ्यातून घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा, स्मृतिभ्रंश जवळ फिरकणार नाही,’ असा मेसेज फिरतोय. विश्रामबागेत आमच्या शेजारच्या आजींनी तो वाचून डॉक्टरांची गोळी बंद केली. सकाळी स्टीलच्या पेल्यातला काढा मात्र चुकत नाही. म्हणून लिहितेय.

मेंदूच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी असतात, मायक्रोग्लिया. बाळाचा मेंदू वाढताना त्यातल्या चेतापेशींमध्ये गरजेपेक्षा जास्त जोडण्या तयार होतात. द्राक्षबागेची छाटणी करावी तशा या पेशी जादा जोडण्या खाऊन टाकतात. कोणती काढायची याची खूण सी१क्यू आणि सी३ ही प्रथिनं करतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात, हीच छाटणी अवेळी पुन्हा सुरू होते, असं २०१६ साली उंदरांमध्येच आढळलं. उलट टीआरईएम२ या जनुकात काही बदल असले तर याच पेशी कामात कमी पडतात आणि अल्झायमरचा धोका वाढतो. तेव्हा नुसतं ‘वाढवा’ म्हणून भागत नाही.

हळदीतलं कर्क्युमिन अल्झायमरच्या रुग्णांना २४ आठवडे देऊन पाहिलं, फायदा दिसला नाही. हळद भाजीत खुशाल घाला. पण घरातल्या कुणाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. आमच्या आजींना मी उद्या दवाखान्यात घेऊन जातेय.