बांबू विकायचा परवाना कोणी द्यायचा?

दर पावसाळ्यात नागपूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर झाडांचा वाद पेटतो. रोपं किती लावली, जगली किती, खड्डे तरी खणले होते का? 2019 मध्ये राज्याने 33 कोटींचं लक्ष्य ठेवलं आणि पुढे त्याच्या चौकशीला विधिमंडळाची समिती नेमायची वेळ आली, म्हणजे शंका अगदीच हवेतल्या नव्हत्या. मग कुणीतरी काका लिहितात, ‘गावकऱ्यांच्या ताब्यात जंगल दिलं तर दोन वर्षांत कापून खातील.’ त्यावर दहा अंगठे.

मी स्कॉटलंडमधल्या एडिंबरात राहते. इथे लोक वर्गणी काढून डोंगर विकत घेतात. इंग्लंडच्या सीमेजवळ लँगहोम नावाचं कापड गिरण्यांचं जुनं गाव आहे, वस्ती अडीच हजारांच्या आत. सभोवतालचं माळरान पिढ्यान्‌पिढ्या एका ड्यूकच्या मालकीचं. 2021 मध्ये गावातल्या संस्थेने त्यातले 5,200 एकर 38 लाख पौंडांना घेतले आणि पुढच्या वर्षी जवळपास तेवढेच आणखी. आता तिथे दलदल पुन्हा जिवंत करणं आणि देशी झाडं वाढू देणं चाललंय. काय करायचं ते गाव ठरवतं.

इथल्या मित्रांना मी मेंढा (लेखा) सांगते तेव्हा ते चकित होतात. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तोही एक पैसा न मोजता. स्कॉटलंडच्या 2003 च्या कायद्याने लोकांना जमीन विकत घ्यायची संधी दिली. आपला 2006 चा वनहक्क कायदा म्हणतो की जंगल राखण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क तुमचा होताच, आम्ही फक्त मान्य करतोय. कागदावर आपण स्कॉटलंडच्या पुढे आहोत.

पण कागदावरच. हक्क मिळाला, बांबू उभा होता, गिऱ्हाईक होतं. वाहतूक परवाना मात्र वनखातं देईना. 1927 च्या वन कायद्यात बांबू झाडात मोजला जायचा, 2006 च्या कायद्यात तो गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणारा जंगलातला माल झाला, आणि या दोहोंच्या कात्रीत गावाचा माल अडकला. शेवटी एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, तेव्हा कुठे परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. बांबूच्या पावतीसाठी केंद्रीय मंत्री! ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या गावाची ही गत, तर बाकीच्यांचं काय होत असेल?

माझ्या मते लोकसहभागाची खरी परीक्षा इथेच होते. खड्डे खणायला, रोपांना पाणी घालायला, मंत्र्यांसोबत फोटो काढायला गावकरी चालतात. विकायचं आणि ‘नाही’ म्हणायचं ठरलं की ते अडाणी ठरतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने हक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, तोडणंच बंद केलं. त्यासाठी फांद्या छाटतात, नवी पालवी यावी म्हणून आग लावतात, आणि जंगल मरतं. हातचा पैसा सोडून गावाने बांबूवर भर दिला. कापून खाणारी माणसं असं करतात?

स्कॉटलंडमधलं सगळं गोड आहे असंही नाही. कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे झाडांनी शोषलेला कार्बन विकून मिळणाऱ्या पैशाच्या आशेने मोठ्या कंपन्या डोंगर घेतात, भाव चढतात, गावं मागे पडतात. लावलेल्या जंगलात बरंचसं उत्तर अमेरिकेतून आणलेलं सिट्का स्प्रूस हे सूचिपर्णी झाड, ओळीने उभं. पण जमीन घेणाऱ्या गावामागे सरकारी निधी उभा असतो. लँगहोमच्या पहिल्या खरेदीला त्यातून 10 लाख पौंड मिळाले. पुढे कामाला पगारी माणसंही ठेवता येतात.

आपल्याकडे ग्रामसभेचा हिशेब धान कापणी उरकून आलेला कुणी तरुण लिहितो, फुकट. सगळी गावं मेंढा नाहीत, मान्य. तिथेही सर्वसहमतीची सवय अंगी मुरायला कित्येक वर्षं अभ्यास गट चालवावा लागला. म्हणून तर गावाला वेळ आणि पैसा दोन्ही हवेत. भरपाई वनीकरणाचा निधी, म्हणजे प्रकल्पांसाठी जंगल घेणाऱ्यांनी भरलेला पैसा, 2016 च्या कायद्यानुसार आजही मुख्यतः वनखात्याच्याच हातून खर्च होतो. त्यातला वाटा थेट वनहक्कधारक ग्रामसभांच्या खात्यात जमा करा. निदान एक हिशेबनीस आणि वणव्याच्या दिवसांत दोन राखणदार, एवढा पगार तरी निघेल.