हलका होता म्हणून जिंकला?

स्पीडवे, म्हणजे मातीच्या अंडाकृती मार्गावरच्या मोटरसायकल शर्यती. त्यातल्या पीटर क्रेव्हनचं नाव निघालं की तीन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. अंगाने हलका, म्हणून गाडी पळायची. 1955चं जगज्जेतेपद नशिबाने लागलं. आणि शेवटी बेदरकारपणाने जीव गेला. लिव्हरपूलच्या या स्वाराबद्दल यातलं खरं एवढंच, की तो हलका होता.

वजनाचंच आधी घेऊ. स्पीडवेची गाडी म्हणजे मिथेनॉलवर चालणारं 500 सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, गिअर एकच, ब्रेक नाहीच. चार स्वार, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे. सुटताना हलक्या माणसाला थोडा फायदा होतो, मान्य. पण वळणावर मागचं चाक बाहेर फेकून गाडी घसरवत न्यायची असते, आणि त्या चाकाने माती धरून ठेवायची तर वर भार हवा. हलक्या स्वाराकडे नेमका तोच नसतो. क्रेव्हन ती उणीव अंगाच्या हालचालीने भरून काढायचा. गाडीवर त्याची बैठक सतत बदलत असे. इंग्लंडात त्याला ‘तोलाचा जादूगार’ म्हणत, ते उगीच नाही. नुसत्या वजनावर किताब मिळत असता तर रेसकोर्सवरच्या जॉकींनी घोडे कधीच सोडले असते!

आता नशीब. तेव्हाच्या जगज्जेतेपदाच्या अंतिम फेरीत 16 स्वार, 20 शर्यती, प्रत्येकाच्या वाट्याला पाच. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1. एखादी शर्यत नशिबाने निघते, पाच निघत नाहीत. शिवाय 1955मध्ये ज्या लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर जिंकला, तिथेच 1962मध्ये तो पुन्हा जिंकला. मधली सहा वर्षं किताब स्वीडनचा ओव्ह फुंडिन आणि न्यूझीलंडचे बॅरी ब्रिग्ज व रॉनी मूर यांनी आपसांत वाटून घेतला होता. 1954 ते 1963 अशा सलग दहा अंतिम फेऱ्या क्रेव्हनने गाठल्या. त्याच्यानंतर इंग्लंडला जगज्जेता मिळाला तो थेट 1976मध्ये, पीटर कॉलिन्स. तोही क्रेव्हनच्याच, मँचेस्टरच्या बेल व्ह्यू संघाचा.

राहिला बेदरकारपणा. 20 सप्टेंबर 1963, एडिंबरा. शर्यतीत जॉर्ज हंटर हा दुसरा स्वार पुढ्यातच पडला. त्याच्या अंगावर गाडी जाऊ नये म्हणून क्रेव्हनने ती वळवली आणि तो कुंपणावर आदळला. चार दिवसांनी गेला, वय 29. ब्रेक नसलेल्या गाडीवर त्याने दुसरं काय करायला हवं होतं, हे त्याला बेदरकार म्हणणाऱ्यांनीच सांगावं.